खाली कोणी नाही

४ सप्टेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पेपरात आपल्या गावाचं नाव वाचून घाबरलीस म्हणतेस. अगं, इथं लोकांना त्याचं कौतुकच वाटलं. खाण बंद झाली तेव्हासुद्धा एवढ्या मोठ्या अक्षरांत आपण आलो नव्हतो. दुकानदाराने ते पान भिंतीला चिकटवून ठेवलंय. म्हणजे जी भिंत उरली आहे तिला.

पडली ती त्याची मागची भिंत. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तुला गाव आठवतं की नाही कोण जाणे, गेलीस तेव्हा एवढीशी होतीस. म्हणून नीट सांगते. खाणकामगारांच्या घरांच्या आपल्या पहिल्या रांगेतून बाहेर पडलं की रस्त्याला दोन तोंडं. उताराला लागलीस की खाणीचं फाटक, आत खाणीतले दिवे ठेवायचं बत्तीघर आणि तो चाकाचा मनोरा. चाक आता फिरत नाही, त्यावर पक्षी बसतात. चढाला लागलीस की खडकावरची शाळा. फाटकापलीकडे काळी टेकडी, खाणीतून काढलेल्या मातीची. तिच्यावर अजून गवताची काडी उगवत नाही. टेकडीच्या पायथ्याला तुम्ही पोरं चेंडू खेळायचात ते मैदान होतं ना, ते खचून तिथं तळं झालंय. त्या तळ्याच्या काठाला दुकान. काठ जरा सरकला, भिंत गेली. झालं.

सरकारने एक इंजिनिअर पाठवलाय. पोरगेलासा आहे, पण बोलायला गोड. जागोजागी नळ्या पुरतो आणि त्यांना कान लावून बसतो. बत्तीघराच्या छपरावरचा जुना भोंगा तो पुन्हा सुरू करणार आहे. जमीन हलली की भोंगा होणार, म्हणजे आम्ही सगळ्यांनी चढ चढून शाळेच्या पटांगणात जायचं. आहे की नाही सोय?

माझं बरं चाललंय. स्वयंपाकघराचं दार जरा घासतं, ओल्या हवेने लाकूड फुगतं तसं. उंबऱ्याशी पाण्याची वाटी ठेवली आहे, इतकंच. फोन करत जाऊ नकोस. फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने बनवते, मग तीन दिवस काळजी करते. पत्रच बरं.

जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी आत्या

१३ सप्टेंबर

प्रिय आत्या, सप्रेम नमस्कार.

पाण्याची वाटी ठेवली आहेस, इतकंच? मी गावातून सहा वर्षांची होऊन निघाले, तरी एवढं मला आठवतं. आई सांगायची, रांगेतल्या बायका उंबऱ्याशी पाणी ठेवतात ते जमिनीवर भरवसा उरला नाही म्हणजेच. पाणी थरथरलं की घराबाहेर. तू मला लहान समजून गोष्टी सांगू नकोस. दार घासतं म्हणजे चौकट वाकली. चौकट वाकली म्हणजे खालची जमीन वाकली. मी हाडं बघणारी बाई आहे, मला वाकडं काय ते कळतं.

तशी सध्या हाडं बघत नाही. एक्स-रेच्या खोलीतून काढून मला नोंदणीच्या टेबलावर बसवलंय. दिवसभर नाव, वय, कुठं दुखतं.

भोंग्याचं वाचून मात्र खरंच हायसं वाटलं. निदान कोणीतरी वेळेवर उठवेल. पण त्याहून बरं म्हणजे तू इकडेच ये. घर लहान आहे, चौथ्या मजल्यावर आहे, आणि आमच्या खालच्या घरात एक म्हातारा राहतो. आम्ही खुर्ची सरकवली की तो काठीने आपल्या छताला ठोकतो. ठक ठक ठक. वैताग आहे नुसता. पण तेवढं सोडलं तर इथं जमीन जाग्यावर आहे. तुझ्यासाठी खिडकीकडची खोली रिकामी केली आहे.

खरं काय ते लिही. सगळं लिही. नाहीतर मी रोज रात्री त्याहून वाईट काहीतरी डोळ्यांपुढे आणते.

तुझी चिमणी

२२ सप्टेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

साहेबाशी भांडलीस का? तुझ्या बापाचं तोंडही असंच सुटायचं. एवढी शिकून नोंदणीच्या टेबलावर? जाऊ दे, पगार कापला नाही ना, मग गप बस थोडे दिवस.

खरं लिही म्हणतेस तर लिहिते. वाचून झाल्यावर चारदा पुन्हा वाचत बसू नकोस.

स्वयंपाकघराच्या जमिनीखालून ठोकल्याचा आवाज येतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी भांडी घासत होते. वाटलं शेजारची तुरुतुरु खिळा मारतेय. (तिला तू ओळखतेस, चालते तशीच बोलतेही ती, म्हणून हे नाव.) नळ बंद केला. आवाज खालून होता. तीन-चारदा ठक ठक, मग थांबला, मग पुन्हा. उंबऱ्यातल्या वाटीत बारीक गोल उमटत होते. माझे हात असे गार पडले की साबणाचं भांडं निसटलं. तेव्हापासून रोज येतो. मी इंजिनिअरला बोलावून ऐकवलं. तो जमिनीला कान लावून आडवा झाला, आणि उठला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, खाली बोगदा आहे. त्याला टेकू दिलेली जुनी लाकडं कुरकुरतात, दुसरं काही नाही."

मला माहीत आहे ते. आमचे हे, म्हणजे तुझे काका, घरी आले की तेच सांगायचे. लाकूड कुरकुरतंय तोवर ते ओझं पेलतंय. भिऊ नये त्याला. गप्प झालं की पळावं. खाणीतल्या माणसांचं शहाणपण ते.

पण चिमणे, तुझे काकाही तिथंच आहेत. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट, तुझ्यासमोर कधी कोणी नीट बोललं नाही. तेव्हा असं असायचं. खाली काही झालं की भोंगा व्हायचा. भोंगा झाला की हातातलं टाकून आम्ही सगळ्या बाया, म्हातारे, उताराने धावत फाटकाशी. तिथं प्रत्येकीची जागा ठरलेली. माझी तिसऱ्या गजाशी, तुरुतुरुची दगडी हौदाजवळ. कोणी कोणाची जागा घेत नसे. चाकाने ओढलेल्या पिंजऱ्यातून माणसं वर यायची, बत्तीघरात दिवा आणि बिल्ला परत द्यायची. सगळे बिल्ले खुंटीला लागले की बत्तीवाला बाहेर येऊन ओरडायचा, "खाली कोणी नाही!" ते ऐकलं की पाय सुटायचे. मग रडणं, हसणं, नवऱ्याला शिव्या घालणं, काय ते घरी जाऊन. ते शब्द ऐकल्याशिवाय कोणी तिथून हललेलं मी पाहिलं नाही.

त्या दिवशी एक खुंटी रिकामी राहिली, तुझ्या काकांची. बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलं. साहेबलोकांनी बत्तीवाल्याला सांगितलं, म्हण आता, लोकांना घरी जाऊ दे. तो म्हणाला, मी खोटं ओरडणार नाही. शेवटी पोलिसांनी आम्हाला घरी नेऊन सोडलं. पुढे खाणही बंद पडली. बत्तीवाला अजून आहे, आमच्याच रांगेत, टोकाच्या घरात. मला बघितलं की खाली मान घालतो.

तो बंद केलेला बोगदा आपल्या स्वयंपाकघराखालून जातो. म्हणून मला ये म्हणू नकोस. लाकडं असतील, मला कळतं. पण आवाज आला की मीही पळीने जमिनीवर दोनदा ठोकते. ठोकताना भीतीने दात वाजतात, तरी ठोकते. वेडी म्हण हवं तर.

तुझी आत्या

३० सप्टेंबर

आत्या,

हे पत्र मी घाईच्या टपालाने पाठवतेय. दुकानाच्या फोनवर कालपासून लावतेय, लागत नाही. टेलिफोनवाले म्हणतात तुमच्याकडचा खांब कलला आहे.

तुझं पत्र मी चारदा नाही, दहादा वाचलं. रडले, हे खोटं कशाला बोलू. आणि मग आज सकाळी एका पेशंटचं नाव लिहिता लिहिता माझ्या हातातलं पेनच थांबलं. आत्या, इंजिनिअर भोंगा वाजवणार तो तुम्ही पळून वर जावं म्हणून. आणि तुम्ही सगळ्यांनी जन्मभर भोंगा ऐकला तो धावत खाली जाण्यासाठी. फाटकाशी. खालची सगळी जमीन जिथं पोखरलेली आहे तिथं!

तुला हे लिहिताना सुचलं नाही. मला वाचताना सुचलं नाही. त्या इंजिनिअरला तर कसं सुचणार, तो इथला नाही. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही सगळ्या दिसताय. आपापल्या जागी उभ्या, बत्तीवाल्याच्या ओरडण्याची वाट बघत, आणि खालून जमीन चाललेली.

माझे आई, भोंगा झाला तरी तू उताराला पाय टाकू नकोस. फाटकाचा गज धरायचीस तसं दार घट्ट धर, पण खाली जाऊ नकोस. तुरुतुरुला सांग, बत्तीवाल्याला सांग. इंजिनिअरलाही मी वेगळं पत्र टाकलंय.

मी स्वतः आले असते. येता येत नाही. साहेबाशी भांडले नाही मी. मला दिवस गेलेत, म्हणून एक्स-रेच्या खोलीतून काढलं. मागच्यासारखं होऊ नये म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. आता डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. तू इतकी लांब आणि मी इथं टेबलाशी बांधलेली.

लगेच उत्तर दे.

चिमणी

९ ऑक्टोबर

माझ्या चिमणे,

आधी तुझ्या बातमीचं. वाचून मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. जड उचलू नकोस, जिने जपून चढ-उतर कर, आणि माझ्या काळजीने जेवण टाकू नकोस. मला काही सांगायची चोरी होती का गं तुला? पण बरोबर केलंस. मीही कुठं सगळं सांगत होते.

आता दुसरं. तुझं पत्र घाईच्या टपालाने निघालं खरं, पण आलं भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी.

घाबरू नकोस, नुसती चाचणी होती. आदल्या दिवशी इंजिनिअर घरोघर फिरून सांगून गेला होता. उद्या अकराला भोंगा होईल, खरा नाही, तरी सगळ्यांनी चढ चढून दाखवायचा. आम्ही माना डोलावल्या. तुरुतुरुने तर त्याची थट्टा केली, की आम्हाला पळायला लावून तू चहा पीत बसणार ना?

सकाळी मी कणीक मळत होते. भोंगा झाला.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते थेट फाटक. हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि समोर तिसरा गज. बाजूला बघितलं तर तुरुतुरु दगडी हौदाजवळ. पलीकडे शिंपीण, बाळंतपणं करायची ती म्हातारी, वाकलेला सुतार. सगळी रांग. जी मेली त्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या. सगळे बत्तीघराच्या दाराकडे बघत होते, आणि दारात तो बत्तीवाला, डोक्याला टोपीसुद्धा नाही, तिथं कसा पोचला देव जाणे, कुलपाशी खटपट करत होता.

चिमणे, आम्हाला माहीत होतं चाचणी आहे. तरी आम्ही तिथं होतो. जमिनीची भीती वाटते ती वेगळी. माझेच पाय मला न विचारता चालले, ही भीती मी आजवर अनुभवली नव्हती.

इंजिनिअर वरून, शाळेकडून, ओरडत धावत आला. पटांगणात तो एकटाच आमची वाट बघत उभा होता बिचारा. त्याचं तोंड पांढरंफटक. "इथं नाही, इथं नाही! इथंच सगळ्यात पोकळ आहे!" तरी आम्ही हलेना. त्याने एकेकीला दंडाला धरून वळवलं तेव्हा कुठं पाय उचलले. तुरुतुरु घरी येऊन ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. त्याच्याकडेही पोचलं आहे. तो म्हणाला, "काकू, तुमच्या भाचीने लिहिलंय ते मी तीन दिवस आधी वाचलं असतं तर!" आता तोही विचारतो, मीही विचारते. भोंगा नको तर काय? मोठा आवाज झाला की आम्ही खाली जाणार. आवाज झाला नाही तर घरात मरणार.

तुझी आत्या

१७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दोन दिवस मला झोप नाही. हे म्हणतात, पोटातलं बाळही माझ्यासारखंच डोळे टक्क उघडे ठेवून जन्माला येईल.

पण एक सुचलंय. मला गावातलं फार थोडं आठवतं. त्यात एक आठवतं, की आई माझा हात धरून चढावरून मला अक्षरशः ओढत नेतेय, मी अर्धी झोपेत, आणि वर शाळेची घंटा होतेय. ती थांबायच्या आत दारात पोचलं नाही तर बाहेर उभं राहायचं. आत्या, तुम्ही सगळी त्याच शाळेत गेलात. ज्या परगावच्या सुना आल्या, त्यांनी पोरांना ओढत नेलं. आपल्या गावात ज्या आवाजाला पाय वर जातात असा हा एकच आवाज आहे. आणि तू म्हणालीस तशी शाळा खडकावर आहे.

घंटा अजून आहे का? इंजिनिअरला मी लिहिलंय. भोंग्याची तार तोडायची आणि घंटा बांधायची, एवढंच करा म्हणून.

आणि तू? अजून पळीने ठोकतेस? नको ना गं ठोकूस. खिडकीकडची खोली तशीच आहे.

चिमणी

२६ ऑक्टोबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

हसून हसून पुरेवाट झाली. घंटा होती, माळ्यावर पडलेली. सुताराने ती टांगली. काल चाचणी झाली. शाळेचा शिपाई घंटा बडवायला लागला आणि आमची ही फौज निघाली चढाने! तुरुतुरु सगळ्यात पुढे. सुतार कंबर धरून मागून ओरडतोय, "थांबा गं, मला बाहेर उभं करतील!" बत्तीवाला शेवटून दुसरा पोचला आणि सवयीने दाराबाहेरच थांबला. इंजिनिअरने त्याला हाताला धरून आत घेतलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, बत्तीवाल्याच्या नाही, इंजिनिअरच्या.

भोंग्याचं मात्र अजून तसंच आहे. तळ्याकाठी एक पेटी बसवली आहे, जमीन फार हलली की ती आपोआप भोंगा सुरू करते. ती भोंग्यापासून सोडवायला शहरातून माणूस यायचाय. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.

तुझ्या बाळंतपणाला मी नक्की येईन. पण राहायला नाही, पाहुणी म्हणून. मनावर घेऊ नकोस. मला इथून उठवत नाही गं. आणि आता भीतीही कमी झाली आहे. खालचा तो आवाज गेले चार-पाच दिवस अजिबात नाही. वाटीतलं पाणीही स्वस्थ. मी ठोकते, पण खालून काही नाही. एकीकडे बरं वाटतं, एकीकडे घर फार गप्प वाटतं.

तुझी आत्या

२ नोव्हेंबर

आत्या, आवाज थांबला?

काका काय म्हणायचे ते तूच मला लिहिलंस. कुरकुरतंय तोवर ओझं पेलतंय. गप्प झालं की पळावं.

आत्ता घराबाहेर पड. पत्र खाली ठेव आणि पड. तुरुतुरुला घे आणि शाळेत जाऊन झोपा. सामान राहू दे. मी तुझ्या पाया पडते.

चिमणी

११ नोव्हेंबर

आत्या,

रेडिओवर आपल्या गावाचं नाव सांगितलं. आधी मला वाटलं भास झाला. मग पुन्हा सांगितलं. फाटक, मनोरा आणि "लगतची काही घरं". माणसांचं काही सांगितलं नाही. माहिती घेतली जात आहे म्हणाले. हे गाडीत बसलेत, पण रस्ता अलीकडेच बंद केलाय म्हणे.

हे पत्र मी कोणाला लिहितेय मला ठाऊक नाही. कुठल्या घराच्या पत्त्यावर लिहू? शाळेच्या पत्त्यावर टाकते. तू तिथं नसलीस तर कोणीतरी वाचेल. जो वाचेल त्याने मला फक्त एवढं कळवावं, की ती चढाला लागली होती की उताराला.

बाळ हलतंय. मला रडताही येत नाही, डॉक्टर म्हणतात रडायचं नाही.

चिमणी

१२ नोव्हेंबर

चि. चिमणीस,

मी आहे. पहिल्यांदा हे वाच आणि मग दम घे. मी आहे, तुरुतुरु आहे, सगळी रांग आहे. जावईबापू आज सकाळी चालत येऊन पोचले. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय, मला अजून इंजिनिअर दोन दिवस सोडत नाही. त्यांनी तोंडाने सांगितलं तरी तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून लिहिते. शाळेच्या बाकावर बसून लिहितेय, गुडघे मावत नाहीत.

तुझं दोन तारखेचं पत्र परवा सकाळी आलं. वाचलं आणि तशीच उठले. खरं सांगते, दाराशी जाऊन पुन्हा मागे आले. पळीने एकदा ठोकलं. कान लावला. काही नाही. तेव्हा वाटीकडे लक्ष गेलं. पाणी थरथरत नव्हतं, चिमणे. एका बाजूने सांडत होतं. आणि त्याच वेळी वर घंटा सुरू झाली. इंजिनिअरने नळ्यांवरून ओळखलं होतं.

आम्ही निघालो. बरोबर चढाने, सगळे. मी तुरुतुरुचा हात धरला होता. अर्ध्या चढावर, जिथं रस्ता वळतो, तिथं पोचलो आणि मागून भोंगा झाला.

ती पेटी. सोडवायला माणूस आलाच नव्हता.

सगळे जागच्या जागी थांबले. वरून घंटा, खालून भोंगा. तुरुतुरुने माझा हात सोडला आणि वळली. शिंपीण वळली. सुतार तर दोन पावलं उतरलासुद्धा. माझे पाय वळले, मला कळत होतं ते वळताहेत, आणि मी त्यांना काही करू शकत नव्हते. समोर खाली फाटक दिसत होतं, माझा गज दिसत होता. इंजिनिअर वरून घसा फोडून ओरडत होता, पण त्याचं कोण ऐकतं. कोणाचं ऐकायचं हे आमच्या पायांना चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांनी माना वळवल्या त्या बत्तीवाल्याकडे.

तो माझ्या शेजारीच उभा होता. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "म्हणा ना! म्हणा, नाहीतर सगळे जातील." त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. म्हणाला, "वहिनी, एक जण आहे खाली. तुमच्यासमोर माझ्याच्याने म्हणवत नाही."

मग मी म्हटलं.

मी कधी आयुष्यात ओरडले नाही, तुला माहीत आहे. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हाही कोणाला ऐकू गेलं नव्हतं. पण त्या वळणावर उभी राहून मी ओरडले, "खाली कोणी नाही!" तोंडातून शब्द गेला आणि मला वाटलं माझ्याच हाताने विटा लावतेय. पुन्हा ओरडले. "खाली कोणी नाही! चला वर!" तिसऱ्यांदा बत्तीवाला माझ्याबरोबर ओरडला.

आणि पाय सुटले गं. सगळ्यांचे. तुरुतुरु हुंदका देऊन माघारी आली, शिंपिणीने सुताराला कॉलरला धरून ओढलं. आम्ही पटांगणात पोचलो आणि मागे वळून पाहिलं. मनोरा वाकला, एखादा माणूस काही शोधायला वाकतो तसा, आणि मग दिसेनासा झाला. आवाज नंतर आला. फाटक, बत्तीघर, दुकान, आणि आपल्या रांगेतली उताराकडची घरं. आपलं स्वयंपाकघर गेलं. पुढची खोली उभी आहे, खुंटीला माझी छत्री लटकलेली इथून दिसते.

मी खोटं बोलले, चिमणे. ज्याला कोणी वर आणलं नाही, त्याला मीच नाही म्हटलं. बत्तीवाला म्हणतो, खोटं नाही ते वहिनी, वर आलेल्यांच्या वतीने म्हणायचं असतं ते. मला कळत नाही. रात्री मला वाटलं रडू येईल. आलं नाही. नुसती थंडी भरून आली, आणि तुरुतुरु अख्खी रात्र माझे पाय चोळत बसली.

आता इथं माझं काही राहिलं नाही, म्हणून येते. पाहुणी म्हणून नाही. जावईबापूंनी खिडकीकडच्या खोलीचं सांगितलं. पलंग जमिनीपासून फार उंच नको. आणि एक कर. तुमच्या त्या खालच्या म्हाताऱ्याला काही बोलू नका. मी चालेन, खुर्ची सरकवेन, तो काठीने ठोकेल. ठोकू दे त्याला.

तुझी आत्या